गुलाबी वाटा कासाबाईचा

मित्रांनो, मी गोळ्यांचं एक रिकामं पाकीट. जुनं म्हणा, चुरगळलेलं म्हणा, मला राग नाही. पण कचरा म्हणालात तर आपली दोस्ती संपली! माझ्या अंगावर पंधरा भोकं आहेत आणि एकेक भोक म्हणजे एकेक दिवसाची नोकरी आहे. पंधरा दिवसांत एकही खाडा नाही. तुमच्या वर्गात असा एक तरी आहे का? हात वर करा बरं. बघा, नाहीच.

माझा जन्म लय लांबच्या एका कारखान्यात झाला. तिथं सगळी माणसं डोक्याला टोप्या घालून, तोंडं बांधून फिरायची. मला आधी वाटलं, आपण दरोडेखोरांच्या हाती सापडलो. एका मशीननं साच्यात पांढरी पूड टाकली, वर गुलाबी पूड टाकली आणि धप्पकन दाबलं. झाली गोळी! एका अंगानं पांढरी, दुसऱ्या अंगानं गुलाबी, लग्नातल्या बर्फीसारखी. अशा पंधरा जणी माझ्या पोटात बसल्या. प्रत्येकीला वेगळी खोली, वर चंदेरी पत्रा. माझ्या मागोमाग असाच एक भाऊ बाहेर आला, पण खोक्यात तो माझ्या वर बसला म्हणून स्वतःला थोरला म्हणवून घ्यायचा.

आम्ही बीपीच्या गोळ्या. बीपी म्हणजे रक्ताचा दाब. हा दाब वाढला की माणसाला बऱ्याचदा कळतही नाही, आणि आत नुकसान चालू राहतं. त्यात जोडीला साखरेचा आजार असला की विचारूच नका. हे दोन उंदीर एका घरात घुसले की डोळे, किडनी, हृदय, जे सापडेल ते कुरतडतात. अशा लोकांचं बीपी लय वेळा एका औषधाला दाद देत नाही. म्हणून आमच्या एकाच गोळीत दोन औषधं. गुलाबी औषध आवळलेल्या नसा सैल करतं. पांढरं औषध नसा आवळायचा हुकूमच अडवून धरतं आणि किडनीची राखणही करतं. काम दोघांचं, जागा एकाची, पाण्याचा घोटही एकच. गर्व करू नये म्हणतात, पण मी करतो.

बोलायला मात्र मी गंगाखेडात शिकलो. तिथं परमेश्वर नावाच्या माणसाचं मेडिकल आहे. त्याच्या फळीवर माझ्या शेजारी ताकदीच्या पावडरचा एक डबा होता, त्यावर पैलवानाचं चित्र. तो मला रोज म्हणायचा, "तुझ्यात काय हाय रे? चिमूटभर पूड." मी मनात म्हणायचो, थांब, माझा माणूस येऊ दे.

माझा माणूस आला. धोंडीबा त्याचं नाव. राणीसावरगावचा मेंढपाळ, वय साठीच्या पुढं, खांद्यावर घोंगडी. संगं त्याची बायको कासाबाई, वाळक्या शेंगेसारखी बारीक, पण आवाज खणखणीत.

"परमेश्वरा, ही चिठ्ठी बग," धोंडीबा म्हणाला. "दवाखान्यातल्या माधवी म्याडम म्हणल्या, बीपीच्या दोन गोळ्याच्या जागी आता एकच. साखरेची हाय ती हायच."

"बरंच झालं की मामा. तसंबी तुमी दोनातली एक रोज इसरायलावच."

"इसरत नव्हतो, शिल्लक ठेवत व्हतो."

"आन या बारीला डोळ्याच्या शिबिराला जाताना लसूण खाऊ नका बरं. मागच्या टायमाला डोळ्याच्या डाक्टरनं दोन मास्क लावले व्हते म्हणं!"

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं हसली. कासाबाई हसली नाही.

"हसायलाव काय?" ती म्हणाली. "दोन बाऱ्या माघारी धाडलं यायला. डोळा पिकलाय, आपरेशन करा म्हणलं, तर म्हणत्यात आधी बीपी उतरवून या. लसूण खाल्ला, मेथ्या खाल्ल्या, बीपी हाय तितंच हाय. आता महिन्यानं परत शिबिर हाय. या बारीलाबी माघारी धाडलं तर हे मेंढरं इकायचं म्हणायलेत."

"मंग काय करू?" धोंडीबा म्हणाला. "परवा अर्धा तास हुर्र हुर्र करायलोय, मेंढी हलंना. जवळ जाऊन हात लावला तर खताचं पोतं."

मित्रांनो, लोक परत हसले. पण मी फळीवरून त्याचं तोंड पाहिलं. तो स्वतः हसवत होता आणि स्वतःच हसत नव्हता. ऐंशी मेंढरं, आणि उजवा डोळा दुधाच्या सायीसारखा पांढरा. डावाही धुरकट. मी तेव्हाच ठरवलं, या माणसाचं काम करायचं. परमेश्वरानं आम्हा दोघा भावांना एकत्र रबर लावलं. तीस दिवस, तीस गोळ्या. निघताना मी पैलवानाला डोळा मारला.

घरी आम्हाला भिंतीतल्या दिवळीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी झाल्यावर धोंडीबानं माझ्या थोरल्या भावातली पहिली गोळी काढली, दारात उजेडाला गेला आणि डोळ्याच्या अगदी जवळ धरली.

"कासे, हिकडं ये. ही दोन रंगाची हाय. पांढरा रंग कशाचा, सांग."

"चुन्याचा."

"साखरेचा! साखर मला हाय, म्हणजे पांढरा वाटा माझा. आन गुलाबी?"

"मला काय मालूम? डाक्टर तुमी."

"रक्ताचा! तुला म्याडमनं सांगितलं न्हाई का, अंगात रक्त कमी हाय, म्हणून गरगरतं? मंग गुलाबी तुझा."

"आवं, पण गोळी तुमची हाय ना?"

"चाळीस वर्षं भाकर अर्धी मोडून दिली, आन गोळी एकटाच गिळू व्हय?"

आता यात एक गोम आहे. मेंढरांना जंताची गोळी द्यायची वेळ आली की धोंडीबा त्या मोठाल्या गोळीचे कातरीनं तुकडे करायचा. थोराड मेंढीला अख्खी, लहानीला अर्धी. उभी हयात त्यानं हेच केलेलं, त्यामुळं हाताला सवयच होती. त्यानं खुंटीवरची लोकर कापायची कातर काढली, पांढऱ्या-गुलाबीच्या सांध्यावर टोक टेकवलं आणि कच्च! दोन वाटे झाले. पांढरा त्यानं गिळला. गुलाबी कासाबाईनं गिळला आणि वर म्हणाली, "कसं गोड वाटलं बाई."

खोटं! आम्ही गोड नसतोच. ते त्याच्या बोलण्यानं वाटलं असेल.

मी दिवळीतून ओरडत होतो, "अहो थांबा! आमचं जोडकाम आहे, तोडू नका!" पण पाकिटाचं कोण ऐकतं? आणि कासाबाईला मॅडमनं दिलेल्या लोहाच्या गोळ्या तर माझ्या पाठीमागंच पडलेल्या. खरं रक्त वाढवायचं काम त्यांचं. पण त्यांच्यामुळं शौचाला त्रास होतो म्हणून बाईनं त्या अशा मागं सारल्या होत्या, की बिचाऱ्या भिंतीकडं तोंड करून बसलेल्या.

पंधरा दिवस रोज सकाळी कच्च. कच्च. कच्च. माझा थोरला भाऊ असा वाया गेला. मुलांनो, मी लय थट्टेखोर आहे, पण त्या दिवसांत मला एकही थट्टा सुचली नाही. धोंडीबाला वाटायचं, आपण औषध चुकवत नाही, आता बीपी उतरणारच. प्रामाणिकपणे चुकायलेला माणूस बघवत नाही हो. रिकाम्या भावाला कासाबाईनं दोऱ्यानं बांधून दारातल्या पेरूवर टांगलं, पोपट यायला नको म्हणून. पोपट तरी भ्यायले, तेवढीच त्याची कमाई.

सोळाव्या दिवशी सकाळी मनिषा आली. मनिषा म्हणजे गावची आशाताई. घरोघर फिरून बीपी-साखर तपासते. तिनं धोंडीबाच्या दंडाला पट्टा बांधला. मशीननं घुर्रघुर्र केलं आणि आकडा आला, एकशे सत्तर.

"मामा, गोळ्या घ्यायलाव का न्हाई?"

"रोज! एक दिवस चुकला न्हाई. कासेला इचार."

"व्हय माय," कासाबाई म्हणाली. ती दारात शेळीची धार काढत होती. "मीच देते. आन मीबी माझा वाटा रोज घ्यायलेय की."

"कसला वाटा?"

कासाबाई उत्तर द्यायला उठली आणि जागच्या जागी झोकांडली. मनिषानं धावत जाऊन धरलं म्हणून बरं, नाहीतर चुलीच्या दगडावर डोकं गेलं असतं. दुधाचं भगुणं मात्र उपडं झालं. मनिषानं तिला आडवं केलं, पायाखाली घोंगडी दिली. तेव्हा तिला दिसलं, कासाबाईच्या घोट्यांवर सूज होती. बोट दाबलं की खड्डा पडायचा. दंडाला पट्टा बांधला तर बीपी नव्वद.

"मामा," मनिषा हळू आवाजात म्हणाली. "कसला वाटा?"

धोंडीबा खुंटीकडं बघायला लागला. मनिषानं कातर काढून उजेडात धरली. पात्याला गुलाबी भुकटी चिकटलेली आणि तिच्यात लोकरीचे दोन केस.

"मेंढराच्या कातरीनं गोळी कापायलाव तुमी?"

"पांढरी मला, गुलाबी तिला," धोंडीबा म्हणाला. "चांगलंच करायलो व्हतो ना मी?"

मनिषानं कपाळाला हात लावला, पण रागावली नाही. तिनं आधी माधवी मॅडमना फोन लावला आणि आवाज मोठा केला. मॅडम थेट कामाचं बोलल्या. "कासाबाईंना बीपी नाहीच, त्यांचं उलट खाली गेलंय. ती गोळी आत्तापासून बंद. आजच त्यांना इकडं घेऊन ये, मी बघते. रक्तही तपासू. मामांना रोज एक गोळी, अख्खी. तोडायची नाही, वाटायची नाही, कुटायची नाही."

फोन ठेवल्यावर धोंडीबा पुटपुटला, "पण दोन रंग हायेत की. एक साखरेचा..."

"दोन्ही रंग बीपीचेच हायेत, मामा," मनिषा म्हणाली. "साखरेची तुमची गोळी वेगळी हाय. मला एक सांगा, ऐंशी मेंढरं घेऊन डांबरी रस्त्यानं जायचं तर किती माणसं लागत्यात?"

"दोन. एक म्होरं, एक माघं."

"मंग तुमी काय केलं? म्होरच्याला एकट्याला मेंढरावर ठेवलं आन माघच्याला मामीच्या घरात धाडलं, जितं मेंढरूच न्हाई. तो तितं काय करील? भांडीच फोडील ना!"

मित्रांनो, डॉक्टरांच्या पुस्तकात माझं काम दहा पानं लिहिलेलं असेल. मनिषानं ते एका डांबरी रस्त्यावर सांगून टाकलं. मी दिवळीत टाळ्या वाजवल्या, पण पत्र्याचा आवाज तो, कुणाला उंदीर वाटला असेल.

धोंडीबानं मनिषाच्या हातातून कातर घेतली आणि लांब सारली. मग कासाबाईच्या उशाशी जाऊन बसला. "मी तुज्या जिवावरच उठलो व्हतो की गं."

"मेले न्हाई अजून," कासाबाई पडल्या पडल्या म्हणाली. "गोळी द्यायची बंद करा. भाकरीचा वाटा तेवढा चालू राहू द्या."

दवाखान्यात मॅडमनं तिला दिवसभर ठेवून घेतलं. रक्त खरंच कमी निघालं. तेव्हापासून भिंतीकडं तोंड करून बसलेल्या लोहाच्या गोळ्यांना पुढची जागा मिळाली. चार-आठ दिवसांत तिची सूज ओसरली आणि झोकांड्याही थांबल्या.

आणि आता आली माझी पाळी! शिबिराला उरले पंधरा दिवस, माझ्याकडं गोळ्या पंधरा. एक जरी चुकली असती तर मला कुठं तोंड दाखवायला जागा नव्हती. भाकरी झाली की धोंडीबा मला हातात घ्यायचा. दिसत नव्हतं, म्हणून अंगठा फिरवून भोकं चाचपायचा, पुढची खोली शोधायचा आणि अख्खी गोळी घोटभर पाण्यासंगं गिळायचा. मग कासाबाईपुढं जीभ काढायचा.

"बग, गेली."

"जिभंखालचं दाखवा."

"मी काय बकरू हाय का?"

"बकरू बरं. ते कातर घेऊन फिरत न्हाई."

कासाबाईनं घरात अजून एक कायदा केला. भाजीत मीठ कमी, आणि ताटाशेजारचा खारा ठेचा बंद. धोंडीबानं तीन दिवस तोंड वाकडं केलं. चौथ्या दिवशी कोकरांसाठी टांगलेल्या मिठाच्या विटेकडं तो आशेनं बघताना सापडला! कासाबाईनं ती वीटसुद्धा उंच बांधली.

मधे चार दिवस तो मेंढरं घेऊन सोनपेठच्या बाजूला रानात बसायला गेला. मेंढरं बसवली की शेताला खत मिळतं, म्हणून शेतकरी बोलावतात. मी त्याच्या खिशातच होतो, चंचीला चिकटून. तंबाखूचा वास नाकात जाऊन मला शिंका यायच्या. तिथं जीभ बघायला कासाबाई नव्हती. मला वाटलं, आता हा विसरणार. पण सकाळी मेंढरं जाळीतून सोडायच्या आधी त्याचा हात खिशात यायचा. एका सकाळी सोबतचा माणूस म्हणाला, "काय मामा, आता तर तब्येत खुशाल दिसायलीय, कशाला गोळ्या खायलाव?" धोंडीबा म्हणाला, "खुशाल हाय ती गोळीनंच हाय. राखणदार हाय म्हणून लांडगा येईना, तर राखणदाराला काढून टाकू व्हय?" खरं सांगतो, त्या दिवशी माझा पत्रा अजूनच चमकला.

शिबिराचा दिवस उजाडला. डॉक्टरांनी बीपीची गोळी सकाळी घेऊनच यायला सांगितलं होतं. माझी पंधरावी, शेवटची गोळी धोंडीबानं घेतली आणि मला खिशात ठेवलं. गंगाखेडला लय गर्दी होती. बाकावर बसून सगळे आपापल्या आजाराची बढाई मारत होते. धोंडीबाचा नंबर आला. सिस्टरनं पट्टा बांधला. त्याचं काळीज माझ्या पत्र्यावर धाडधाड आपटत होतं. मी म्हणालो, हळू, मामा, हळू, माझी पंधरा दिवसांची मेहनत आहे!

"पाच मिनिटं शांत बसा, बाबा. मग घेते," सिस्टर म्हणाली.

तो बसला. कासाबाईनं त्याचा हात धरला. मशीन घुर्रघुर्र करून थांबलं.

"एकशे चौतीस, ब्याऐंशी."

"मशीन बिघडलंय," धोंडीबा म्हणाला. "परत बगा."

परत बघितलं. एकशे बत्तीस. साखर पण ठीक निघाली. "जा आत," सिस्टर म्हणाली. कासाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "या बारीला लसूण न्हाई खाल्ला बरं का यायनं!"

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. काही दिवस काळा चष्मा, डोळ्यात थेंब, वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही. मग एका सकाळी डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर धोंडीबा वाघरीत, म्हणजे मेंढरांच्या जाळीच्या कुंपणात शिरला. एकेकीच्या तोंडाकडं बघत, एकेकीला नावानं हाक मारत तो फिरला. ऐंशीव्या मेंढीपाशी मात्र थांबला. तिचा कान धरला, वळवून बघितला.

"कासे! ही आपली न्हाई!"

"आँ? लय दिसांपासून खायलीय की आपल्यात."

"ही सितारामची हाय! कानाला त्याचीच खूण हाय."

सिताराम म्हणजे ओढ्यापलीकडचा मेंढपाळ, धोंडीबाचा जुना सोबती. आठ महिने झाले, दोघांत बोलणं नव्हतं. धोंडीबानं मेंढीला धरलं आणि तसाच निघाला. मी खिशात. दुकानात "हेच द्या" म्हणून दाखवायला तो मला जवळच ठेवतो, नवं पाकीट दिवळीत बसलेलं असतं.

सिताराम दारात बसला होता. मेंढी बघून उठला.

"आता आणलीस व्हय?"

"आत्ता दिसली."

"मला वाटलं, तू मुद्दाम ठिवलीस. म्हणून बोलत नव्हतो."

"आन मला वाटलं, मी आंधळा झालो म्हणून तू बोलत न्हाईस."

मेंढी तेवढी मधे बें करून गेली. मग सितारामनं घोंगडी अंथरली, चहा आला, बिनसाखरेचा. आठ महिन्यांच्या गप्पा सुरू झाल्या. ऑपरेशनचं ऐकून झाल्यावर सिताराम पुढं सरकला.

"धोंड्या, मलाबी साखर हाय. परवा बीपी पण जास्त सांगितलं. ती दोन रंगाची गोळी लय गुणाची दिसायलीय. एक पान मला दे की. न्हाईतर अर्धी तरी दे."

मित्रांनो, धोंडीबाचं मन मला माहीत आहे. तो नाही म्हणायला शिकलेलाच नाही. अंगावरची घोंगडी काढून देणारा माणूस. त्याचा हात खिशाकडं आला. मला बाहेर काढलं, माझ्यावरून अंगठा फिरवला आणि परत खिशात ठेवलं.

"मेंढी घे," तो म्हणाला. "वाटलं तर अजून एक कोकरू देतो. पण गोळी देत न्हाई. तुजी गोळी म्याडम तुला बगून देतील. सोमवारी मी येतो तुज्यासंगं दवाखान्यात."

"अर्धी गोळी देईना! लय चिंगूस झालास रे."

"झालो," धोंडीबा म्हणाला आणि दुसरा चहा मागितला.

मला आतापर्यंत लय शाबासक्या मिळाल्या, पण त्या एका नकारानं माझी छाती जेवढी फुगली तेवढी कशानंच फुगली नाही. म्हणून मुलांनो, या रिकाम्या पाकिटाचं एक काम करा. आज घरी गेल्यावर आजी-आजोबांना विचारा, गोळी घेतली का? अख्खी घेतली का? त्यांची गोळी आपल्या पोटात नाही, शेजाऱ्याच्या पोटात नाही. बरं वाटायला लागलं म्हणून मनानं बंद नाही. आणि ते तोंड वाकडं करायला लागले तर सरळ सांगा, "जिभंखालचं दाखवा."